गाडीचा बडग्या होऊ नये म्हणून

प्रश्न : काका, नमस्कार. मी मानेवाड्यात राहतो. बुटीबोरीला नोकरीला लागून आठ महिने झाले. बाबांनी त्यांची २०१३ची सिल्व्हर अल्टो ८०० आता मला देऊन टाकली आहे. इंजिन ठणठणीत, पण दिसायला गाडी पार म्हातारी झाली. हेडलाइट पिवळे पडले, आरशांचं आणि हँडलचं काळं प्लास्टिक पांढुरकं झालं, दोन व्हील कॅप कुठेतरी उडाले, ड्रायव्हरच्या दारावर गेट घासल्याचा चरा आहे. माझ्याकडे सहा हजार रुपये आणि दिवाळीची चार दिवस सुट्टी आहे. मित्र म्हणतात, स्प्रेचे वीस डबे आण, सगळी गाडी मॅट ब्लॅक करून टाकू. ते नाही जमलं तर निदान छत काळं, ब्रेकचे कॅलिपर लाल, काळ्या काचा आणि बोनेटवर चिकटवायचा स्कूप, एवढं तरी करावं म्हणतो. नंबराच्या शेवटी २१४ आहे, त्याचं 'राम' करून घेऊ का? मागच्या काचेवर बाबांनी लावलेलं टेकडीच्या गणपतीचं स्टिकर आहे, तेही आता सोलपटलं आहे. काय करू आणि काय नको?
— गाडीवेडा, मानेवाडा

उत्तर : गाडीवेड्या, तुझी यादी वाचली आणि आपल्या नागपूरच्या मारबतीची मिरवणूकच डोळ्यांपुढे आली बघ. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी बडगे, म्हणजे मोठाले पुतळे, निघतात, त्यांच्या अंगावर हाताला लागेल ते चढवलेलं असतं. पण बडग्या बनवणाऱ्याला ठाऊक असतं की हा शेवटी जाळायचाच आहे. तुला ही गाडी घेऊन वर्धा रोडनं रोज बुटीबोरी गाठायची आहे.

तुझ्या पत्रातला पहिला अर्धा भाग पुन्हा वाच. पिवळे दिवे, पांढुरकं प्लास्टिक, चरा, उघडी पडलेली चाकं. गाडी म्हातारी दिसते ती यांच्यामुळे, आणि दुसऱ्या अर्ध्या भागातल्या एकाही गोष्टीनं यातलं काही जात नाही. काळ्या गाडीला पिवळे दिवे तर आणखीच उठून दिसतील, कावीळ झाल्यासारखे. म्हणून सहा हजारांत माझा हिशेब असा : आधी गाडीवरून काय काढता येईल ते काढू, मग जमलं तर दोन गोष्टी लावू.

मॅट ब्लॅकचं प्रकरण आधी संपवतो, कारण त्यात मी स्वतः तोंडघशी पडलेलो आहे. माझ्याकडे एक जुनी मारुती ८०० होती. एका मे महिन्यात, गच्चीखालच्या मोकळ्या जागेत, मी तिचं बोनेट स्प्रेच्या डब्यांनी काळं करायला घेतलं. बोनेटवर आधीच कुणीतरी ब्रशनं ऑइलपेंट फासलेला होता. मी वरवर कागद मारला आणि सुरू झालो. पहिला हात छान बसला. दुसरा हात मारला आणि बघता बघता रंग तापलेल्या दुधावरच्या सायीसारखा सुरकुतला. खालच्या ऑइलपेंटला वरच्या स्प्रेमधला थिनर झेपला नाही, तो फुगून वर आला. मी तरी गप्प बसावं की नाही? सुरकुत्या झाकायला तिसरा हात मारला! आठ महिने ते बोनेट घेऊन हिंडलो. शेवटी डेंटिंग-पेंटिंगवाल्यानं सगळं पत्र्यापर्यंत खरवडलं, आणि नुसत्या बोनेटचे जेवढे पैसे घेतले तेवढ्यात तुझं आज सांगतोय ते सगळं काम होईल.

अख्खी गाडी तर फारच लांबची गोष्ट. दारं उघडली की आतल्या कडा सिल्व्हरच राहणार. डब्याचं नोझल बोटभर रुंदीचा पट्टा मारतं, त्यामुळे छतावर आणि बोनेटवर पट्टे उमटणार. मॅटला पुढे पॉलिशही करता येत नाही, घासलं की तेवढाच भाग चमकायला लागतो. आणि गाडीचा रंग आरसी बुकात लिहिलेला असतो. तो बदलायचा तर आरटीओला कळवून नोंद बदलून घ्यावी लागते, मग रंग डब्यातला असो की व्हिनाइल रॅपचा. मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ गाडीतल्या फेरफारांबद्दल आहे, आणि २०१९च्या दुरुस्तीनंतर नियमबाह्य फेरफाराला प्रत्येक बदलामागे ५,००० रुपये दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही. तुझ्या गाडीची पंधरा वर्षं २०२८ मध्ये भरतात. नोंदणी पुढे न्यायला तेव्हा गाडी घेऊन आरटीओत उभं राहावं लागेल. कागदावर सिल्व्हर आणि समोर काळी, हे तिथे कुणाला समजावत बसशील? (तुझ्या मित्रांपैकी कुणाला मिलिटरीचा हिरवा रंग सुचला तर त्याला सांग, ऑलिव्ह ग्रीन हा नियमानं फक्त संरक्षण खात्याच्या गाड्यांना आहे. पुष्कळांना हे माहीतच नसतं.)

काळ्या काचांचं २०१२ मध्येच सर्वोच्च न्यायालयानं संपवलं. पुढच्या-मागच्या काचेतून किमान ७० टक्के आणि बाजूच्या काचांतून ५० टक्के उजेड आरपार जायला हवा. चौकातला पोलीस तुझी गाडी लांबूनच ओळखेल. 'राम'चंही तसंच. हाय सिक्युरिटी नंबर प्लेटवरचे आकडे ठरलेल्या वळणाचे असतात, त्यावर होलोग्राम असतो आणि ती एकदाच बसणाऱ्या लॉकनं ठोकलेली असते. रामाला डॅशबोर्डवर बसव.

लाल कॅलिपर? अरे, तुझ्या गाडीला डिस्क ब्रेक फक्त पुढे आहेत, मागे ड्रम. पुढचे दोन लोखंडी रिमच्या आड दडलेले. पाहणार कोण, पंक्चरवाला? स्कूपबद्दल इतकंच सांगतो की नागपूरच्या मे महिन्यात बोनेटवर दुहेरी टेप किती दिवस धरते ते एकदा बघ, मग मला लिही.

काळ्या छताचा मोह मला कळतो. दोन रंगांची गाडी देखणी दिसते आणि छतापुरतं व्हिनाइल सहा हजारांत बसेलही. तरी मी नाही म्हणेन. तुझी गाडी ज्या वर्षी रस्त्यावर आली त्याच वर्षी, २३ मे २०१३ला, नागपुरात पारा ४७.९ अंशांवर गेला होता. सिल्व्हर छत ऊन बरंचसं परत फेकतं, काळं सगळं पिऊन घेतं. तुझ्या त्या चिमुकल्या एसीला दुपारी चार वाजता कंपनीच्या उघड्या पार्किंगमधून निघताना आधीच घाम फुटतो. वरून काळं छत म्हणजे तवा. शिवाय स्वस्तातलं व्हिनाइल उन्हानं आकसतं, कडा सुटतात आणि दोन उन्हाळ्यांनंतर काढायला गेलं की गोंद पत्र्यावर राहतो. पुण्यात राहत असतास तर कदाचित वेगळं बोललो असतो.

आता कामाला लाग. दिवाळीची वेळ तू बरोबर निवडलीस. पावसाळ्यात दमट हवेनं स्प्रेचा रंग पांढुरका पडतो, आणि मे महिन्यात तो पत्र्यावर पोचायच्या आत हवेतच सुकतो, मग हात फिरवला की रेतीसारखा खरखर लागतो. आता सकाळी नऊ ते बाराची हवा या कामाला उत्तम.

पहिला दिवस निव्वळ धुण्याचा. गाडी कडुनिंबाखाली उभी राहत असेल तर चार दिवस तरी दुसरीकडे लाव. दोन बादल्या घे, एकीत शॅम्पूचं पाणी, दुसरीत साधं. फडका आधी साध्या पाण्यात पिळायचा, मग शॅम्पूत बुडवायचा, नाहीतर चाकाजवळची माती तूच बोनेटवर घासशील. कपड्याची पावडर वापरू नको, ती रंगावरचं उरलंसुरलं वॅक्स नेते. घरी बोअरचं पाणी असेल तर सावलीतच धू आणि लगेच पूस. ते पाणी उन्हात सुकलं की क्षारांचे पांढरे गोल डाग पडतात आणि मग व्हिनेगर-पाणी घेऊन एकेक डाग काढत बसावं लागतं.

धुऊन पुसून झाली की एक गंमत कर. किराण्याची पातळ प्लास्टिकची पिशवी हातात घाल आणि बोटं हळूच बोनेटवर फिरव. नुसत्या हाताला जे गुळगुळीत वाटत होतं ते पिशवीतून रव्यासारखं टोचेल. आपल्या गावात सिमेंट रोडची कामं वर्षानुवर्षं चाललीत, ती धूळ दवात भिजून रंगावर बसते आणि तिथेच घट्ट होते. धुऊन ती जात नाही. त्यासाठी क्ले बार मिळतो, साबणासारखी मऊ वडी. शॅम्पूचं पाणी शिंपडायचं आणि वडी नुसत्या तिच्या वजनानं पुढे-मागे सरकवायची. वडी काळी झाली की घडी घालून आतली बाजू वर आणायची. खाली पडली तर सरळ फेकून द्यायची, जमिनीवरची रेती चिकटलेली वडी म्हणजे पॉलिश पेपरच. एक गाडी करायला दीड-दोन तास लागतात. पुन्हा पिशवी घालून हात फिरव, तुलाच कळेल.

मग दारावरचा चरा. त्यावर आडवं नख फिरव. नख अडकलं नाही तर चरा वरच्या पारदर्शक थरात, म्हणजे क्लिअरमध्येच आहे, बारीक रबिंग कंपाउंड फडक्यावर घेऊन निघेल. नख अडकलं तर कंपाउंडनं काही होणार नाही, आणि इथेच लोक घोळ करतात. घासत सुटतात. प्रायमरपासून क्लिअरपर्यंत गाडीचा सगळा रंग मिळून साधारण एक दशांश मिलिमीटर जाड असतो. सिल्व्हरमध्ये ॲल्युमिनियमचा चुरा असतो. क्लिअर संपून तिथवर पोचलास की जो करडा धब्बा पडेल तो ब्रशनं कधीच जुळणार नाही, कारण गननं मारलेला चुरा वेगळा बसतो आणि ब्रशनं लावलेला वेगळा. खोल चऱ्याला टचअपची बाटली आण. रंगाचा कोड गाडीवरच्या छापील पट्टीवर असतो, दुकानदाराला नुसतं सिल्व्हर म्हणू नको, कोड दाखव. काडेपेटीच्या काडीचं टोक चावून बारीक कर, त्यानं फक्त चऱ्याच्या आत रंग भर, बाहेर नको. हातभर अंतरावरून दिसेनासं झालं की थांब. त्याहून जवळून तुझी गाडी पाहणारा फक्त तूच आहेस.

आता हेडलाइट. सगळ्यात जास्त फरक इथे पडतो, म्हणून इथे घाई नको.

हेडलाइटची काच म्हणजे पॉलिकार्बोनेट, एक प्रकारचं प्लास्टिकच. कारखान्यातून येताना त्यावर ऊन अडवणारा पातळ थर असतो. दहा-बारा उन्हाळ्यांत तो जळतो, पिवळा पडतो, जागोजागी पापुद्रा सुटतो. टूथपेस्टनं घासून दिवे लखलखीत झाल्याचे व्हिडिओ तू पाहिले असशील. होतातही, महिनाभर. कारण टूथपेस्ट पिवळेपणा थोडा काढते आणि खालचं प्लास्टिक उन्हात उघडं टाकते. नीट करायचं तर असं : दिव्याभोवतीच्या बंपर आणि बोनेटवर मास्किंग टेपचे दोन-दोन थर लाव. ८०० नंबरचा वॉटर पेपर पंधरा मिनिटं पाण्यात भिजव आणि दिवा ओला ठेवून आडवा घास. पहिल्यांदा पिवळं दूध ओघळेल. ते पांढरं होईपर्यंत थांबायचं नाही, हा जळका थर आहे आणि तो पूर्ण गेला पाहिजे. या वेळी दिवा दुधी काचेसारखा दिसेल आणि तुझ्या पोटात गोळा येईल. येऊ दे. मग १५०० नंबर, उभा. मग २०००, पुन्हा आडवा. दर वेळी दिशा बदलायची म्हणजे आधीच्या कागदाचे ओरखडे गेले की नाही ते दिसतं. जमलं तर शेवटी ३०००. मग कंपाउंड. एका दिव्याला पाऊण तास धर, आणि दोन्ही दिवे एकाच दिवशी कर, नाहीतर दुसरा आळसानं राहून जातो आणि गाडी डोळा मारत हिंडते.

इथवर बरेच जण येतात आणि इथेच थांबतात. पुढची पायरी जी खरी : दिवा स्पिरिटनं पुसून, पूर्ण सुकवून, त्यावर ऊन अडवणाऱ्या यूव्ही क्लिअरचे दोन-तीन पातळ हात. तो नसेल तर पुढच्या उन्हाळ्यात तू मला हेच पत्र पुन्हा लिहिशील. आणि रात्री उजेड किती वाढला ते समृद्धीला लागायच्या आधी एकदा अंधाऱ्या रस्त्यावर बघून घे. दिव्याच्या काचेवरचा पिवळेपणा गेला की कानाकोपऱ्यात पांढरे झगझगीत एलईडी टाकायची इच्छाही कमी होते. मागचे दिवे काळ्या फिल्मनं झाकणाऱ्यांबद्दल मी बोलतच नाही. ब्रेक लागलेला मागच्याला दिसला पाहिजे, बस.

आरसे आणि हँडलच्या प्लास्टिकला कुणी खोबरेल तेल सांगेल, कुणी जुनं इंजिन ऑइल. दोन दिवस काळं कुळकुळीत दिसतं, तिसऱ्या दिवशी वर्धा रोडची सगळी धूळ त्यावर. हीट गननंही प्लास्टिक काळं होतं, पण नवख्या हातानं ते वितळतं किंवा शेजारचा रंग फुगतो. ट्रिम रिस्टोअरर म्हणून बाटली मिळते, रंग असलेला घे, नुसता तेलकट नको. साबणानं ब्रश मारून, सुकवून, स्पंजनं पातळ लाव. कडेला टेप लावायला विसरलास तर सिल्व्हरवर काळे बोटांचे ठसे उमटतील.

आणि आता तुझी काळ्या रंगाची हौस. ती चाकांवर भागव. उरलेले दोन व्हील कॅप काढून माळ्यावर टाक आणि चारही लोखंडी रिम सॅटिन ब्लॅक कर. सिल्व्हर गाडीला काळी चाकं शोभतात, आरसीत काही बदलत नाही, आणि बिघडलं तर पुन्हा घासून रंगवता येतं. एका वेळी एकच चाक काढ. सपाट जागा, हँडब्रेक, पहिला गिअर, तिरप्या कोपऱ्यातल्या चाकाला विटेचं अडण, आणि जॅकशेजारी गाडीखाली स्टेपनी आडवी सारून ठेव. जॅकचा भरवसा धरून गाडीखाली हातसुद्धा घालायचा नाही.

रिमवरचा गंज तारेच्या ब्रशनं काढ, २२० मग ४०० नंबरचा कागद मार, थिनरच्या फडक्यानं पुसून घे. टायरला टेप लावण्यात तास घालवू नको. घरात जुन्या लग्नपत्रिका असतील, त्यांच्या तळहाताएवढ्या पट्ट्या काप आणि टायर आणि रिमच्या फटीत एकीवर एक चढवत गोल खोचत जा. सूर्यफुलासारखं दिसतं आणि टायरवर थेंब पडत नाही. नट ज्या खोबणीत बसतो तिथे आणि रिमची मागची बाजू हबला टेकते तिथे रंग लागू द्यायचा नाही, हे मात्र नीट ऐक. तिथला रंग नटाखाली दबतो, चुरा होतो आणि नट ढिला पडतो. खोबणीत कागदाचे बोळे कोंब.

डबा दोन मिनिटं खडखड हलव. रिमपासून वीतभर लांब धर, हात चाकाच्या बाहेर असतानाच बटण दाब आणि सरळ रेषेत पलीकडे जाऊन बाहेरच सोड. आधी प्रायमर, मग रंग. पहिला हात इतका पातळ की खालचं अर्धं दिसलं पाहिजे. सगळ्यांचं चुकतं ते इथेच, एका हातात झाकायचं म्हणून दाबून मारतात आणि रंग ओघळतो. दहा-पंधरा मिनिटं थांबून दुसरा, मग तिसरा. नंतर क्लिअर, तोही सॅटिनच घे. लांबून मारलास किंवा रंग घट्ट असला तर वर बारीक खळग्या येतील. रंगारी त्याला जगभर 'ऑरेंज पील' म्हणतात. आपल्या गावात राहून संत्र्याची साल ओळखता आली नाही असं तर होणार नाही! आली तर दोन दिवस सुकू दे, १५०० नं ओलं घास, पुन्हा एक हात मार. नाकातोंडावर साधा रुमाल बांधून स्प्रे मारू नको, फिल्टरचा मास्क घे, आणि काम मोकळ्यावर कर.

चाक बसवताना नट फुलीच्या क्रमानं आवळ, गाडी खाली उतरवून पुन्हा आवळ, आणि बुटीबोरीची एक फेरी झाली की परत एकदा.

आता लावायची दुसरी गोष्ट, चाकं धरून. पुढच्या आणि मागच्या दाराच्या काचांमध्ये उभी पट्टी असते, तुझ्या गाडीत ती बहुतेक सिल्व्हरच असेल. महागड्या गाड्यांत ती काळी असते आणि त्यामुळे काचा एकसंध लांब दिसतात. काळ्या व्हिनाइलचा छोटा तुकडा पुरतो, दुकानात रोलमधून कापून देतात. पट्टी स्पिरिटनं पूस, शॅम्पूचे चार थेंब टाकलेलं पाणी शिंपड, व्हिनाइल ठेव, सरकवून जागेवर आण आणि जुन्या एटीएम कार्डाला फडका गुंडाळून मधून कडेकडे पाणी ढकल. कडा दाराच्या आत अर्धा इंच वळव आणि बहिणीचा किंवा आईचा हेअर ड्रायर मारून दाबून बसव. कापायचं ते आधी कापून आण. गाडीवर ठेवून ब्लेड फिरवलंस तर व्हिनाइलबरोबर रंगही कापला जातो आणि दोन पावसाळ्यांत तिथून गंज डोकावतो.

शेवटी सगळ्या गाडीला वॅक्स. पातळ लाव, सुकून धुरकट दिसलं की मऊ फडक्यानं काढ. काचेवर आणि काळ्या प्लास्टिकवर लागू देऊ नको.

पैशांचं म्हणशील तर कागद, टेप, कंपाउंड, क्ले, शॅम्पू आणि वॅक्स मिळून दीड-पावणेदोन हजार, चाकांचे पाच-सहा डबे तेवढेच, दिव्यांचं क्लिअर, ट्रिमची बाटली, टचअप आणि व्हिनाइल हजार-बाराशे. दुकानागणिक शे-दोनशेचा फरक धर. साडेचार हजारांच्या आसपास आटपेल. उरलेल्यात वायपरचे नवे ब्लेड घाल, जुन्यांनी धुतलेल्या काचेवर पुन्हा ओरखडे ओढण्यात अर्थ नाही.

राहिला टेकडीचा गणपती. ते स्टिकर काढू का, हे मला विचारू नको, बाबांना विचार. गाडी तुझ्या नावावर झाली असली तरी ते त्यांनी लावलंय. राहू दे म्हणाले तर सुटलेल्या कडांखाली काडीनं थोडा गोंद घाल आणि दाबून बसव. नवं लाव म्हणाले तर ड्रायरनं मिनिटभर ऊब दे, कोपरा नखानं उचल आणि काचेला समांतर धरून हळूहळू ओढ. मागे राहिलेला चिकटा रॉकेलच्या बोळ्यानं जातो. काच आहे म्हणून तिथे ब्लेडही चालेल, पण आडवं धरून.